‘फ्युरा–२’ : तेज आणि भेद

सजीव पेशीत सोडावयाच्या प्रतिदीप्त रेणूची थोरवी त्याच्या तेजावरून ठरविण्याचा मोह सहज होतो. ग्रिंकेविच, पोनी आणि त्सिएन यांनी १९८५ साली मांडलेला ‘फ्युरा–२’ हा कॅल्शियम-सूचक त्याच्या पूर्वसूरी ‘क्विन–२’पेक्षा तीसपटीपर्यंत तेजस्वी होता, हे खरे. परंतु या रचनेचे खरे मोल तेजात नसून भेदात आहे.

या रचनेची पूर्वतयारी त्सिएन यांनीच केली होती. १९८० साली त्यांनी ‘ईजीटीए’ या परिचित बंधकाच्या सांगाड्यात बेंझीनची वलये गोवून ‘बाप्टा’ सिद्ध केला. त्यामुळे मॅग्नेशियम वगळून कॅल्शियमच धरण्याचा गुण टिकला आणि पेशीतील नेहमीच्या आम्लतेत प्रोटॉनांची ढवळाढवळ पुष्कळ कमी झाली. असे विद्युत्-भारित रेणू पेशीपटल ओलांडू शकत नाहीत; म्हणून १९८१ साली त्यांचे आम्लगट एस्टररूपाने झाकण्याची युक्ती पुढे आली. आत शिरल्यावर पेशीचीच विकरे ते झाकण काढतात आणि रेणू आत अडकून राहतो.

‘क्विन–२’चे तेज कॅल्शियमबरोबर वाढे, पण रंजक अधिक शिरला किंवा पेशी जाड असली, तरीही ते वाढे. ‘फ्युरा–२’ कॅल्शियमला बांधला गेला की त्याचे शोषण लघुतर तरंगलांबीकडे सरकते. ५१० नॅनोमीटरच्या आसपास पाहिले असता ३४० नॅनोमीटरच्या उद्दीपनाने मिळणारे तेज वाढते, ३८०च्या उद्दीपनाने मिळणारे घटते. दोहोंच्या गुणोत्तरात रंजकाच्या प्रमाणाचा परिणाम छेदला जातो. ‘पळ’ आणि ‘फळ’ हे शब्द हळू उच्चारले काय वा मोठ्याने, त्यांचा अर्थ प आणि फ यांतील भेदावरच ठरतो. येथील न्याय तोच आहे. तेजाचे महत्त्व दुय्यम, पण खरे आहे: सूचक स्वतःच कॅल्शियम बांधून ठेवतो, आणि तेजस्वी रेणू थोडा पुरत असल्याने हा हस्तक्षेप कमी होतो.

तथापि गुणोत्तर म्हणजे संहती नव्हे. एकीवरून दुसरीकडे जाताना वियोजनस्थिरांक लागतो. निबंधातील सुमारे २२४ नॅनोमोलर हे मूल्य पेशीबाहेरील द्रावणात काढलेले आहे. पेशीतील प्रथिने व श्यानता यांमुळे ते बदलू शकते. काही रंजक पेशीतील कोशिकांत साठतो, काहींचे एस्टर अर्धवटच तुटतात. असे रेणू प्रकाश देतात, पण पेशीद्रवातील कॅल्शियमची साक्ष देत नाहीत. गुणोत्तराने रंजकाचे प्रमाण छेदले जाते, त्याचे स्थान नव्हे.

म्हणून स्वस्थ पेशीत कॅल्शियम १०० नॅनोमोलर आढळले, असे लिहिणाऱ्या अभ्यासकाने ते मोजले नसून वाचले आहे. कोणत्या स्थिरांकाने व रंजकाच्या कोणत्या स्थानासंबंधी वाचले, हे आकड्याशेजारीच नोंदविले पाहिजे. ‘फ्युरा–२’च्या रचनाकारांनी भेदाला अर्थ दिला, त्या अर्थाच्या मर्यादा सांगण्याची जबाबदारी मात्र त्याचा वापर करणाऱ्यांवरच राहते.