'तो' म्हणताना

आता सर्वनामाकडे येऊ. अर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीतली गेथेन ग्रहावरची माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना बाई, ना पुरुष. तरी सगळ्यांना सर्वनाम 'तो'. मग वाचताना आपल्याला पुरुषच दिसतात की! जोआना रस यांच्यासारख्या स्त्रीवादी समीक्षकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १९७६च्या निबंधात ले ग्विन यांनी 'तो'ची बाजू घेतली. १९८७ साली त्यालाच टिपा जोडून ती सोडली. आम्हाला १९७५ची दुरुस्ती जास्त बोलकी वाटते: 'विंटर्स किंग' कथेत राजा राजाच राहिला, सर्वनाम तेवढं 'ती' झालं. मराठीत हे जमेल? इथे लिंग क्रियापदातच बसलेलं, आला-आली. 'ते' म्हणावं, तर ते आपण लहान मुलाला म्हणतो, नाहीतर आदरानं पुरुषाला.