ठेवा आणि दिखावा



पाय थकल्यामुळे आता पंढरपूरपर्यंत चालणं होत नाही. माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जायचं, एवढी एका दिवसाची वारी उरली आहे. गेल्या वर्षी मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातूही आले. नातवाचं बोट धरून मी त्याला सोपानकाकांची गोष्ट सांगत होतो. एवढ्यात पुढून हाक आली, "बाबा, जरा मागे जाऊन परत चालत या, नीट आलं नाही." आम्ही परत आलो. तिसऱ्यांदा चांगलं आलं. गोष्ट मात्र अर्धीच राहिली.

रात्री ते स्टेटसला लागलं : 'आमचं सुखी कुटुंब.' शेजारी एकट्या राहणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाग्यवान आहात, महाराज. आमच्यासाठी कुणाला वेळ आहे?" खरं तर घरात मुलगा-सून दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. मी नुसता हसलो. म्हणजे मीही स्टेटसच ठेवलं.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभित्व सांगताना माउलींनी लोभ्याचा दृष्टांत दिला आहे. जीव गेला तरी तो आपल्या ठेव्याची जागा सांगत नाही. तिथे प्रसंग पुण्याचा आहे. पण घरातला गोडवा हाही ठेवाच नव्हे का?

तुम्ही म्हणाल, संतांनीही आपलं घर जगापुढे मांडलंच ना? मांडलं. नामदेवरायांच्या गाथेत गोणाई-राजाईंचे अभंग आहेत. त्यांत संसाराची ओढाताण आहे, विठोबाशी भांडण आहे. तुकोबांनी दुष्काळात गेलेली बायको लपवली नाही. ते वाचून दुःखी माणसाला सोबत मिळते. आपलं स्टेटस पाहून त्याला स्वतःचं घर उणं वाटतं.

फोटो काढूच नये, असं माझं म्हणणं नाही. परगावच्या लेकीला पाठवलेला फोटो हा निरोप असतो. पण चोवीस तासांत पुसलं जाणारं स्टेटस भरण्यासाठी नातवाचा हात सोडावा लागत असेल, तर माउली, आपण काय देऊन काय घेतलं?

यंदा घाटात माझी एकच अट आहे : फोन पिशवीत. सोपानकाकांची गोष्ट पुरी करायची आहे. शेजारच्या बाईंनाही सोबत चला म्हटलं आहे.