जोडबोटांच्या कपीची परीक्षा

स्कॉटलंडचे भूशास्त्रज्ञ डुगल डिक्सन यांचे ‘आफ्टर मॅन’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. मानव नष्ट झाल्यानंतर ५ कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील, याची ती सचित्र कल्पना आहे. पुस्तकाचे बळ असे की, प्रत्येक प्राणी आपल्या अधिवासात, आहारासकट उभा राहतो. मात्र तो समोर येतो पूर्ण घडलेला. त्याचे अवयव गर्भात कसे घडले असतील, हे वाचकालाच विचारावे लागते.

हातापायांची बोटे जोडलेला एखादा कपी कल्पून पाहा. ‘पोहण्यासाठी त्याची बोटे जुळली’ हे उत्तर वर्गात झटकन येईल. त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक वस्तुस्थितीची. सुमात्रा व मलाय द्वीपकल्पातील सियामांग या गिबनच्या पायाची दुसरी व तिसरी बोटे कातडीने जोडलेली असतात. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘सिंडॅक्टिलस’ म्हणजे जोडबोट्या. पण तो राहतो झाडांच्या शेंड्यांवर, पाण्यात नव्हे.

दुसरी चूक विचाराची. गरज भासली म्हणून अवयव बदलत नाही. मानवी गर्भातही हात आधी वल्ह्यासारखा असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास बोटे सुटी होतात. म्हणजे पडदा नव्याने उगवावा लागत नाही. पेशींचे हे मरण रोखले गेले की तो उरतो. वटवाघळाच्या पंखात असेच घडते. असा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकेल की नाही, हे नैसर्गिक निवड ठरवते.

आता जमाखर्च मांडू. अंगठा सोडून हाताची बोटे जुळली, तर फांदी धरणे कदाचित जमेल. शॅमेलिऑन सरडा जोडबोटांच्या चिमट्यानेच फांदी धरतो. पण फळ सोलणे, एकमेकांच्या केसांतले कीटक वेचणे अवघड होईल. कांगारू व कोआला यांच्या मागच्या पायाची दोन जोडबोटे केस विंचरायला उपयोगी पडतात, कारण त्यांच्या टोकांना दोन अणकुचीदार नख्या असतात. कपीची नखे चपटी.

शिक्षकांनी असे चित्र मुलांकडून जरूर काढून घ्यावे. गुण मात्र तीन प्रश्नांच्या उत्तरांना द्यावेत : गर्भात बदल कुठे झाला? त्यातून काय मिळाले? काय गमावले? ‘साठी’ या शब्दावर समाधान मानले, तर उत्क्रांती शिकवूनही न शिकवल्यासारखीच होते.