उलट्या प्रश्नचिन्हाचे स्थान : स्पॅनिश मुद्राक्षररचनेतील एक प्रश्न

मुद्राक्षररचनेचे परीक्षण करताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः अक्षरांच्या वळणाकडे जाते. विरामचिन्हांचा विचार शेवटी, आणि तोही ओझरता होतो. स्पॅनिश भाषेत प्रश्नाच्या व उद्गाराच्या आरंभी येणाऱ्या ¿ आणि ¡ या चिन्हांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. मूळ चिन्ह उलटे केले की काम संपले, अशी समजूत रूढ आहे. ती अपुरी कशी, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

स्पॅनिश अकादमीने १७५४ च्या आपल्या शुद्धलेखनविषयक ग्रंथात प्रश्नारंभी उलटे चिन्ह घालण्याचा नियम सांगितला. त्यामागील कारण व्यावहारिक होते. स्पॅनिशमध्ये विधानाची व प्रश्नाची शब्दरचना पुष्कळदा एकच असते. वाक्य लांब असेल तर शेवटच्या चिन्हापाशी पोहोचेपर्यंत वाचकाला प्रश्नाचा सूर कळत नाही. म्हणून आरंभी हा नियम लांब वाक्यांपुरता होता. पुढे तो सर्वच प्रश्नांना लागू झाला. शिवाय हे चिन्ह वाक्यारंभीच येते असे नाही. जेथे प्रश्न सुरू होतो तेथे, म्हणजे स्वल्पविरामानंतर वाक्याच्या मध्येही येते. तेव्हा त्याच्या पुढे कधी मोठे अक्षर असते, तर कधी लहान. स्थाननिश्चितीची खरी अडचण येथून सुरू होते.

प्रथम आकार पाहू. चिन्ह उलटे करणे म्हणजे ते १८० अंशांतून फिरविणे होय. पाण्यातील प्रतिबिंबाप्रमाणे खालीवर पालटणे नव्हे. फिरविल्याने जाड-बारीक रेषांचा तिरपा कल कायम राहतो, आणि तिरक्या वळणाच्या अक्षरांत चिन्ह उजवीकडेच झुकलेले राहते. प्रतिबिंब घेतल्यास ते शेजारच्या अक्षरांच्या विरुद्ध दिशेला कलते. आकाराचा प्रश्न असा भूमितीने सुटतो. स्थानाचा मात्र सुटत नाही.

समजा, मोठ्या अक्षरांची उंची ७०० एकके व लहान अक्षरांची ४८० एकके आहे, आणि मूळ प्रश्नचिन्ह आधाररेषेपासून मोठ्या अक्षराच्या माथ्यापर्यंत पोहोचते. फिरविलेल्या चिन्हाचा बिंदू लहान अक्षरांच्या माथ्याशी जुळविला, तर त्याचा गळ आधाररेषेखाली २२० एकके उतरतो. p किंवा g या अक्षरांचे शेपूटही साधारण तेवढेच उतरत असल्याने मजकुराच्या ओळीत चिन्ह सहज सामावते. तेच आधाररेषेवर उभे केले, तर बिंदू लहान अक्षरांच्या डोक्यावरून वर निघतो व नजर अडखळते. म्हणून सामान्य मजकुरासाठी लोंबते स्थानच योग्य होय. वाक्यारंभीच्या एकट्या मोठ्या अक्षराशेजारीही ते खटकत नाही. कारण त्यामागून लहान अक्षरांची ओळ लगेच सुरू होते.

पूर्ण मोठ्या अक्षरांतील मथळ्यात मात्र चित्र पालटते. तेथे बहुतेक अक्षरे आधाररेषेवर थांबतात. अशा ओळीत आरंभीचे चिन्ह खाली घसरल्यासारखे दिसते, शेवटचे वर उभे राहते, आणि एकाच जोडीतील दोन चिन्हांचा मेळ तुटतो. मोठ्या अक्षरांच्या ओळी जवळजवळ बसविल्या असतील, तर गळ खालच्या ओळीस भिडण्याचाही संभव असतो. शिशाच्या खिळ्यावर मुद्रेची जागा ठरलेली असल्याने जुळाऱ्याला याबाबत फारसे काही करता येत नसे. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या ओपनटाइप या फाँटपद्धतीने ही अडचण दूर केली : मोठ्या अक्षरांसाठी वर उचललेले पर्यायी चिन्ह फाँटमध्येच ठेवता येते. वरील उदाहरणात ते २२० एकके उचलले की काम भागते.

यावर असा आक्षेप संभवतो की, स्पॅनिश वाचकाला लोंबती चिन्हे सवयीचीच आहेत. मग हा खटाटोप कशाला? सवयीचा मान राखलाच पाहिजे, आणि म्हणूनच मजकुरातील मूळ स्थान बदलावे असे येथे सुचविलेले नाही. पण खिळ्याच्या मर्यादेतून जडलेल्या सवयीला सौंदर्यतत्त्व मानणे युक्त नव्हे.

उचललेले चिन्हही सर्वथा निर्दोष नसते. ¡ आधाररेषेवर उभे राहिले की ते i या अक्षरासारखे भासू लागते. त्याचा दांडा वर निमुळता व खाली रुंद ठेवणे, बिंदूखालील फट नीट राखणे, हे उपाय तेव्हा योजावे लागतात. उलट, लोंबत्या ¿ पुढे लहान j आले, तर j चे डावीकडे वळलेले शेपूट चिन्हाच्या गळाशी टक्कर घेते. या जोडीतील अंतर वेगळे ठरवावे लागते. स्पॅनिश मजकूर प्रत्यक्ष जुळवून न पाहणाऱ्या रचनाकाराला हे दोष दिसतच नाहीत.

तात्पर्य, ¿ हे ? चे केवळ उपांग नव्हे. वाचकाला सूर आधी कळावा म्हणून जन्मलेले ते स्वतंत्र चिन्ह आहे. जे चिन्ह शब्दाच्या आधी वाचले जावयाचे, ते त्या शब्दाच्या पातळीवर असले पाहिजे. परभाषेची गरज रचनाकाराने कितपत मनावर घेतली आहे, हे अशा लहान चिन्हांवरून पारखता येते. मुद्राक्षरांच्या परीक्षणात त्यांना अक्षरांइतकेच स्थान मिळावे.