कीव्हन रूसमधील ख्रिस्ती धार्मिक अलंकार : ‘बायझंटाइन प्रभाव’ या संकल्पनेची चिकित्सा

मध्ययुगीन कीव्हन रूसमधील ख्रिस्ती अलंकारांविषयीच्या लेखनात ‘बायझंटाइन प्रभाव’ ही संज्ञा इतक्या सहजतेने योजली जाते की, तिने नेमके काय स्पष्ट होते हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. इ.स. 988 मध्ये व्लादिमीर याने कॉन्स्टँटिनोपलकडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि धर्माबरोबर धर्माच्या वस्तूही नीपर नदीच्या खोऱ्यात आल्या, हे निर्विवाद आहे. (रूस म्हणजे आजचा रशिया नव्हे, कीव्ह ही आज युक्रेनची राजधानी आहे.) तथापि वस्तू कोठून आली हे सांगणे आणि स्थानिक कारागिराने तिचे काय केले हे सांगणे, या भिन्न गोष्टी आहेत.

या विषयाच्या अभ्यासात दोन टोके दिसतात. बायझंटाइन मीनाकामावर 1892 मध्ये ग्रंथ सिद्ध करणाऱ्या निकोदिम कोंदाकोव्ह यांची दृष्टी प्रामुख्याने मूळ आदर्शाचा माग काढणारी आहे. तर प्राचीन रूसमधील हस्तव्यवसायांवर 1948 मध्ये ग्रंथ लिहिणारे बोरिस रिबाकोव्ह स्थानिक कौशल्याचा अभिमानाने पुरस्कार करतात. गांधार शिल्पातील ग्रीक अंशाविषयी आपल्याकडे झालेल्या वादाची येथे आठवण होते. रिबाकोव्ह यांचा अभिमान कधी कधी अतिरेकी वाटला, तरी साचे, भट्ट्या व हत्यारे यांकडे लक्ष वेधण्याचे त्यांचे कार्य अधिक मोलाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्त्रियांच्या कानशिलांजवळ लटकणारे ‘कोल्त’ हे सोन्याचे पोकळ अलंकार पाहावेत. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या बसवून कप्पे करावयाचे, त्यांत रंगीत काचेची पूड भरून भाजावयाचे, हे तंत्र निश्चितपणे बायझंटाइन होय. परंतु त्यावर संतांच्या मुखांबरोबरच पक्ष्यांच्या जोड्या व जीवनवृक्षही आढळतात. सोने परवडणारा वर्ग लहान होता. म्हणून तोच घाट चांदीत उतरला, चित्र कोरून त्यात काळे मिश्रण भरले गेले, आणि पुढे दगडी साच्यांतून हलक्या धातूच्या स्वस्त प्रतिकृती ओतल्या गेल्या. ही उतरंड ‘प्रभाव’ या शब्दात मावत नाही. तिच्यामागे नगरातील ग्राहक आणि त्याची ऐपत आहे.

छातीवर धारण करावयाच्या ‘एन्कोल्पियॉन’ या क्रुसांची गोष्ट अशीच आहे. बिजागरीने जोडलेल्या दोन पोकळ भागांत पवित्र अवशेष ठेवण्याची ही रीत बायझंटाइन जगातून आली. मात्र 1015 मध्ये मारले गेलेले बोरिस व ग्लेब हे राजबंधू संत ठरल्यानंतर, हाती चर्चची प्रतिकृती घेतलेल्या त्यांच्या आकृती या क्रुसांवर अवतरल्या. आकार परका, संत घरचे.

येथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : जे ख्रिस्ती ते बायझंटाइन आणि जे जादूटोण्याचे ते स्थानिक. 1821 मध्ये चेर्निहिव्हजवळ सापडलेला सोन्याचा ताईत हा निष्कर्ष मोडून काढतो. त्याच्या एका बाजूस देवदूत मायकेल आहे, तर दुसऱ्या बाजूस सर्पांनी वेढलेले मस्तक. स्लाव लेखात ‘वसिली’ या सेवकासाठी ईश्वराचे साहाय्य मागितले आहे. वसिली हे व्लादिमीर मोनोमाख याचे बाप्तिस्म्याचे नाव असल्याने ताईत त्याचा मानला जातो. पण सर्पाच्या बाजूचा, गर्भाशयाची पीडा शमविण्याचा मंत्र ग्रीक भाषेत आहे. म्हणजे ज्याला आपण स्थानिक मूर्तिपूजेचा अवशेष म्हणू, तोच भाग कॉन्स्टँटिनोपलच्या परंपरेतून आलेला आहे!

तेराव्या शतकातील काही ओतीव क्रुसांवर देवमातेचे साहाय्य मागणारा स्लाव लेख उलटा, आरशात दिसावा तसा उमटला आहे. साच्यात अक्षरे सुलटी कोरली की ओतकामात ती उलटी येतात. काही अभ्यासक हे क्रूस 1240 मध्ये कीव्ह पाडणाऱ्या मंगोल आक्रमणाच्या काळातील मानतात. कारागीर निरक्षर होता की घाईत, हा वाद चालू राहील. परंतु अशा क्रुसांच्या प्रती अनेक सापडल्या आहेत. म्हणजेच ते विकले गेले आणि श्रद्धेने गळ्यात घातले गेले. त्यांवरील ग्रीक अक्षरांची जागा स्लाव अक्षरांनी घेतली होती, आणि ती सरळ वाचता यावीत ही अट धारण करणाऱ्यानेही घातलेली दिसत नाही.