जे ऐकायला गेलो, ते वाजणार नव्हतं

आवडता बँड प्रत्यक्ष ऐकायला माणूस परदेशी जातो, तेव्हा त्याच्या मनात एक यादी असते. हे वाजवतील, ते वाजवतील, निदान शेवटी तरी ते एक वाजवतीलच. ‘द नेक्स’ या ऑस्ट्रेलियन त्रयीला ऐकायला मी बडोद्याहून लंडनला गेलो, तेव्हा अशी यादी करण्याची सोय नव्हती. ख्रिस एब्रहम्स (पियानो), लॉइड स्वॉन्टन (डबल बास) आणि टोनी बक (ड्रम्स) हे तिघं १९८७पासून एकत्र वाजवत आहेत. कार्यक्रमात ते आपल्या ध्वनिमुद्रिकांमधलं काहीच वाजवत नाहीत. साधारण पाऊण-पाऊण तासाच्या दोन बैठका, मध्ये मध्यंतर. काय वाजवायचं हे आधी ठरलेलं नसतं. कुणीतरी एक जण सुरुवात करतो, उरलेले दोघं त्यात येतात.

मग एवढा खर्च करून जायचं कशाला? बँकेची स्टेटमेंट्स जोडून व्हिसाचा फॉर्म भरताना हा प्रश्न मलाही पडला. फॉर्मवर मी ‘पर्यटन’ असं लिहिलं. खरं कारण माझाच एक जुना लेख होता. त्यात मी दोन विधानं ठासून केली होती: या तिघांचं संगीत ध्यानासारखं आहे, आणि त्याची बढत आपल्या आलापीसारखी आहे. दोन्ही विधानं मी घरात, हेडफोन लावून, केवळ ध्वनिमुद्रणांच्या आधारे केली होती. ती टिकतात का, हे पाहायचं होतं.

ध्वनिमुद्रिकांचा दोष नाही. १९८९ची ‘सेक्स’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे जवळपास तासाभराची एकच रचना. २००३ची ‘ड्राइव्ह बाय’ही तशीच. आपल्याकडच्या जुन्या गवयांना तीनेक मिनिटांच्या तबकडीत राग कोंबावा लागला. या तिघांच्या वाट्याला सीडीचा ऐसपैस तास आला आणि त्यांनी तो पुरता वापरला. मात्र स्टुडिओत ते थरावर थर चढवतात. पियानोवर ऑर्गन येतो, कधी गिटार येते. तिथला तास हा रचलेला तास असतो. त्यातली शांतताही नंतर निवडलेली, घासूनपुसून ठेवलेली असते. मी ज्याला ध्यान म्हणालो, ते बरंचसं या संपादनाचं फळ होतं.

पूर्व लंडनच्या डाल्स्टन भागातलं ‘कॅफे ओटो’ २००८मध्ये सुरू झालं. ‘ओटो’ हा ध्वनी या अर्थाचा जपानी शब्द. प्रयोगशील संगीताच्या जगात या जागेचं नाव मोठं आहे, जागा मात्र लहान. उंच रंगमंच नाही. वादक आणि श्रोते एकाच जमिनीवर. मला बसायला मिळालं ते ड्रम्सच्या बाजूला, दोन-तीन हातांवर.

पहिल्या बैठकीची पहिली वीस मिनिटं मी ऐकलीच नाहीत. कान तिथे होते, पण मी ‘ड्राइव्ह बाय’ शोधत होतो. बासवर एक छोटी सुरावट फिरू लागली की वाटे, हे तेच. पियानो आला की वाटे, आता ते होईल. काहीच ‘ते’ होत नव्हतं. ओळखीचं ऐकण्याची सवय किती खोल गेलेली असते, हे मला तिथे कळलं, आणि ते कळणं सुखद नव्हतं. या बँडचा आपण जाणकार आहोत, अशी माझी समजूत होती.

सवय मोडली ती डोळ्यांमुळे. ड्रमरचं मनगट एकच हालचाल कितीतरी वेळ करत होतं. झांजेवरचा जो अखंड झिरमिर नाद हेडफोनमध्ये पावसासारखा आपोआप पडतो, तो इथे एका माणसाच्या खांद्यातून, दंडातून येत होता. हात दमला की नादाचा पोत बदले. तो बदल बासवाला पकडे आणि आपला आघात थोडा सरकवे. पियानो त्यावर एखादाच स्वर वाढवी. पियानोवाल्याची तर या दोघांकडे पाठ होती. सगळा व्यवहार कानांवर चाललेला. याला ध्यान म्हणणं हा समीक्षकाचा आळस होता. हे श्रमाचं संगीत आहे. पुढच्या मिनिटाला सगळं विस्कटू शकतं, हे तिघांनाही ठाऊक असतं आणि श्रोत्यालाही ते दिसत राहतं. संपादित तासात ही भीती उरत नाही.

आलापीचं विधानही मागे घ्यावं लागतं. यमन सुरू झाला की गाणाऱ्याइतकाच ऐकणाराही तयारीत असतो. तीव्र मध्यम येणार हे आपल्याला माहीत असतं. तो कधी आणि कसा येतो, याची वाट पाहण्यात रस असतो. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात रागाचा करार आधीच झालेला असतो. ‘द नेक्स’च्या बैठकीत असा कोणताच करार नसतो. जॅझचा नेहमीचा करारही नाही: आधी धून, मग एकेकाचा सोलो, मग पुन्हा धून, असं काही नाही. सोलोच नाही, तर सोलोनंतरच्या टाळ्या कुठून येणार? सम नाही, तर ‘क्या बात है’ कुठे म्हणणार? संथ चाल एवढ्या एकाच साम्यावर मी आलापीची उपमा बेतली होती. परकं काही आवडलं की त्याला चटकन आपल्या घरातलं नाव देऊन टाकायचं, ही आपली जुनी खोड. त्यात कौतुक असतं. पण नाव दिलं की ऐकणं थांबतं.

दुसऱ्या बैठकीत मी काही शोधलं नाही. शेवटी आवाज इतका बारीक झाला की संपलं की नाही, हे कुणालाच कळेना. सगळी खोली श्वास रोखून होती. टाळ्या पडायला वेळ लागला. आपल्या मैफलीत दाद ठिकठिकाणी, हप्त्याहप्त्याने दिली जाते. इथे ती पाऊण तास साठत गेली होती. ती शांतता मला टाळ्यांपेक्षा मोठी वाटली.

परत आल्यावर ‘ड्राइव्ह बाय’ पुन्हा लावली. ती कमी आवडली असं नाही. पण आता ती मला बँडची मैफल वाटत नाही. त्याच तिघांची एक वेगळी, शांतपणे बसून लिहिलेली गोष्ट वाटते. कार्यक्रम ऐकायला न गेलेल्या वाचकाला माझा जुना लेख कदाचित आजही पटेल. म्हणूनच हा नवा लिहिला.