‘मी फक्त पुढे पाठवला’

‘व्हिडिओ मी काढला नाही, मी फक्त पुढे पाठवला.’ आज आपण हे एकच वाक्य तपासू.

उदाहरण २०१५ सालचं घेऊ. दिल्ली मेट्रोच्या डब्यात गणवेशातला एक पोलीस तोल जाऊन पडतो, एवढीच ती चित्रफीत. ‘दारुडा पोलीस’ अशी चिठ्ठी लावून ती देशभर फिरली आणि तो निलंबित झाला. मागाहून उलगडलं की दारूचा संबंधच नव्हता. या माणसाला पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. त्याला परत कामावर घेतलं गेलं, तरी गेलेली अब्रू मागायला त्याला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

आता बघा, फितीतलं एकही दृश्य बनावट नव्हतं. मागचं-पुढचं तेवढं गळालं होतं, म्हणजे त्याचं आजारपण. आपल्याकडे याला ‘ध चा मा’ म्हणतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाची ती आख्यायिका. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं. तिथे निदान एक अक्षर बदलावं लागलं. इथे नुसत्या कात्रीने आजाऱ्याचा दारुडा होतो. शिवाय त्या गोष्टीत आपण आनंदीबाईंना दोष देऊन मोकळे होतो, कागद पोचवणाऱ्याला कोणी विचारत नाही. आपण सगळे त्या पोचवणाऱ्याच्या जागी आहोत. कागद आपल्याला उघडा दिसतो, आणि वर आपण हसऱ्या चेहऱ्यांची रांग जोडतो!

मेट्रो सार्वजनिक जागा, तिथे कसलं खासगीपण, असं विचारलं जातं. २०१७च्या पुट्टस्वामी निकालात याचं उत्तर आहे: खासगीपण माणसाला चिकटलेलं असतं, चारचौघांत आला म्हणून तो ते गमावत नाही.

गणवेशातल्या माणसाचं वागणं लोकांनी बघायलाच हवं, हा आक्षेप मात्र आम्ही खरा मानतो. लाच घेतानाची फीत दडवा असं कोण म्हणेल? पण ती चौकशी करू शकणाऱ्याकडे जावी. शाळेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कसली चौकशी होते? तिथे थेट शिक्षा होते, आणि तीही करमणूक म्हणून. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये असं कांट १७८५ साली सांगून गेला. (कांटचं नाव निघालं की जांभया येतात, ठाऊक आहे.) त्या डब्यातला माणूस आपल्या दोन मिनिटांच्या हशाचं साधन झाला होता.

पुढे खुलासा आला. ज्या ग्रुपवर फीत टाकली, तिथेच ‘तो माणूस आजारी होता हो’ असं लिहायला आपल्यापैकी किती जण गेले?